बाटलीत तीन द्रव होते

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, घाटावर पाण्यात उभं राहून मनातल्या मनातही नाही. आणि आमच्याकडे तर लोक तिथे उभे राहून काय काय सांगून टाकतात! या हिवाळ्यात, ज्या दोन माणसांना हे सांगायला हवं होतं, त्यांना सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय. अडखळत सांगेन. सवय नाही.

मी काशीत एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. घर मंगला गौरीच्या देवळाजवळ. आमचे पूर्वज इथे कधी आले, हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आत मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. लोक मला चांगला मास्तर म्हणतात — शांत, आवाज न चढवणारा, मुलांना समजून घेणारा. हे कुणी तोंडावर म्हटलं की मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

आधी थोडं कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन द्रव एकमेकांत मिसळले की डोळ्यांना एकच पाणी दिसतं. ते वेगळे कसे करायचे? तर तापवायचे. ज्याला कमी उष्णता पुरते तो आधी उकळतो, त्याची वाफ काचेच्या तुकड्यांनी भरलेल्या एका उंच नळीतून वर चढते, पुढे थंड होऊन थेंब थेंब दुसऱ्या भांड्यात पडते. दुसऱ्याची वाफ वाटेतच निवते आणि परत खाली गळते. नळीच्या डोक्यावर थर्मामीटर. पहिला द्रव येत असतो तोवर पारा एका जागी उभा राहतो. तो संपला की पारा चढतो आणि दुसऱ्या द्रवाच्या आकड्याशी पुन्हा थांबतो. पारा किती वेळा थांबला, त्यावरून आत किती द्रव होते ते कळतं. इथल्या हिंदी पुस्तकांत याला प्रभाजी आसवन म्हणतात. आम्ही वर्गात फ्रॅक्शनल डिस्टिलेशनच म्हणतो. अवघड काही नाही. फक्त घाई चालत नाही. जोरात तापवलं की वाफा एकमेकींत घुसतात आणि पारा कुठेही न थांबता वर धावत सुटतो. समोर बसून राहावं लागतं.

मृणाल बसून राहायची.

मृणाल दूधविनायकातली, आमच्या शेजारच्याच मोहल्ल्यातली. तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो, दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे. घराच्या वरच्या खोल्यांत सातारा, नगर, जळगाव अशी कुठकुठली मंडळी उतरलेली असायची. आई लवकर गेली होती. गल्लीतल्या गणपतीत मृणाल मला दादा म्हणायची, कॉलेजात सर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि पुढे एम.एस्सी., मग रिसर्च, हे तिने ठरवून टाकलं होतं. नाना फार शिकलेले नव्हते, पण मुलीचं नाव निघालं की ताठ बसायचे.

मी तेव्हा टेंपररी होतो. त्याच उन्हाळ्यात मला कायम करायचं की नाही, हे ठरायचं होतं. हे सांगतोय, पण त्यामागे लपत नाही. ते तसं होतं, एवढंच.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या सकाळी बाटल्या मी भरल्या. प्रत्येक बाटलीत दोन द्रव, ॲसिटोन आणि टोल्युइन. शेवटच्या बाटलीला टोल्युइन कमी पडलं. मागच्या फळीवर एक बाटली होती, लेबल अर्धं निघालेलं, आत तसंच पाण्यासारखं काहीतरी. टोल्युइनच असणार, असं धरून मी उरलेली जागा त्यातून भरली. बूच काढून वास घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण बाहेरून आलेले परीक्षक जिना चढत होते, मुलं दारात जमली होती. घेतला नाही.

ती शेवटची बाटली मृणालच्या वाट्याला आली.

बाकीच्यांचं दुपारपर्यंत आटोपलं. पारा छप्पन्नवर थांबला, मग एकशे दहावर. ॲसिटोन आणि टोल्युइन. खरं तर निम्म्या मुलांनी पारा नीट पाहिलाही नसेल. कोणते द्रव असणार ते वरच्या वर्गातून आधीच कळलेलं असायचं. मृणाल मात्र अजून तिच्या नळीसमोर बसून होती. शेवटी ती उठली आणि तिने पेपर दिला. त्यावर तीन आकडे. छप्पन्न, सत्त्याहत्तर, एकशे दहा. तीन वेगळ्या परीक्षानळ्यांत तीन द्रव भरून, चिठ्ठ्या चिकटवून, स्टँडवर लावून ठेवलेले. मधल्या द्रवाला पिकलेल्या फळासारखा वास येतो असं लिहून तिने त्याचं नावही दिलं होतं — इथाइल ॲसिटेट.

परीक्षकांनी चष्मा वर केला. “सबके दो, तुम्हारे तीन?”

“सर, मेरी बोतल में तीन ही हैं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “दो दिए हैं.” आणि त्या क्षणी — एवढं तरी खरं आहे — मला तसंच वाटत होतं.

मग मी तिच्याजवळ वाकून मराठीत म्हणालो, “अगं, दोन लिही आणि मोकळी हो.”

ती गोंधळली होती. गोंधळात म्हणून गेली, “दादा, पारा जिथे थांबला तेच मी लिहिलंय.”

दादा! भर लॅबमध्ये, परीक्षकांसमोर. मागे कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं असेल, घरातलीच मुलगी दिसते, मास्तर सांभाळून घेतील. माझे कान तापले. मी ताठ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणालो, “इसकी आदत है. मन से नंबर लिख देती है.”

कधी लिहिले होते तिने मनाने आकडे? एकदाही नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. माझ्या तोंडून ते कसं निघालं, कुठून आलं? मृणालने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. बॅग उचलली आणि गेली.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, राग आला, होतं असं माणसाच्या हातून. थांबा. अजून मी तिथे पोचलोच नाही.

लॅब रिकामी झाली. आवरायला लागलो. फळीवरची ती अर्ध्या लेबलाची बाटली परत जागेवर ठेवताना बूच ढिलं होतं, आणि वास आला. गोड. पिकलेल्या फळासारखा. मी बाटली तशीच हातात धरून मृणालच्या स्टँडकडे गेलो आणि तिची मधली नळी हुंगली. तोच वास. पुन्हा बाटली, पुन्हा नळी. तोच.

परीक्षक अजून खालीच होते. संध्याकाळची गाडी होती त्यांची. मार्कांचं पाकीट बंद व्हायचं होतं. एक जिना उतरायचा आणि सांगायचं — साहेब, माझी चूक झाली, मुलीचं बरोबर आहे. बस्स, एवढंच.

मी जिना उतरलो. खरंच उतरलो, सांगायलाच. त्यांच्यासमोर पानावर कचोरी होती. “आइए, आइए, लीजिए,” म्हणाले. शेजारी आमचे विभागप्रमुख बसले होते. माझ्या हातून बाटल्यांचे घोळ होतात, अशी त्यांची आधीपासून तक्रार होती. मी बसलो. कचोरी घेतली. गाडी लेट आहे का, यावर बोलणं झालं. ती कचोरी मी पूर्ण खाल्ली.

मग वर आलो आणि मृणालच्या तिन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या. वरून नळ सोडला.

ती नापास झाली. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे सगळं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं. बसलीही असती ती, मला खात्री आहे. पण मग जे झालं, तेच मला मुख्य सांगायचं आहे. बाटली, कचोरी, बेसिन हे सगळं त्याच्या अलीकडचं.

निकालानंतर नाना माझ्या घरी आले. घाटावरून थेट आले असावेत. कपाळावर गंध होतं, खांद्यावर उपरणं. माझ्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस, पण मी मास्तर म्हणून अहो-जाहो करायचे. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, “मास्तर, एकच विचारायला आलोय. माझी पोर खोटं लिहिते का हो?”

घरात दुसरं कुणी नव्हतं. परीक्षक नव्हते, विभागप्रमुख नव्हते. नोकरीचा कागद दोन दिवसांपूर्वीच हातात पडला होता. मला कुणाचीही भीती नव्हती त्या वेळी. मग का? किती वर्षं मी हे स्वतःला विचारलं आहे. उत्तर एवढंच येतं की खरं बोललो असतो तर या माणसाच्या डोळ्यांत मी लहान झालो असतो, आणि ते मला नको होतं.

मी म्हणालो, “हुशार आहे नाना. पण जिद्दी आहे. कधी कधी नसलेलंही दिसतं तिला.”

नानांनी मान हलवली. चपला घातल्या आणि गेले.

हाच माझा गुन्हा. हे वाक्य. बाकी सगळं घाईत झालं, पण हे मी सावकाश, शब्द निवडून बोललो.

मृणालने पुन्हा परीक्षा दिली नाही. पुढे तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि मैदागिनच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. लग्न झालं, नवरा बँकेत, साधा माणूस. नानांना एकटं कसं ठेवायचं म्हणून दोघं दूधविनायकातच राहिले. रस्त्यात भेटली की ती थांबायची, “दादा, बरे आहात ना? काकू कशा आहेत?” माझी आई शेवटी आजारी होती तेव्हा तिच्या रक्ताचे रिपोर्ट मृणालच्याच हातून यायचे. डॉक्टर तिने काढलेल्या आकड्यांवर औषध ठरवायचे. मी ते रिपोर्ट घेऊन घरी यायचो आणि आकड्यांबद्दल माझ्या मनात एकदाही शंका आली नाही. मनाने आकडे लिहिणारी मुलगी, नाही का?

असंच चाललं असतं. मी रिटायरही झालो असतो. पण या हिवाळ्यात एक गोष्ट घडली — अगदी साधी.

प्रॅक्टिकलचा नेहमीचा तास. रागिनी नावाची एक मुलगी, गाझीपूरकडची, तिच्या नळीसमोर बसली होती. मी मागून जात होतो. तिने कागदावर एक आकडा लिहिला, माझी चाहूल लागली, आणि तिने तो पटकन खोडला. शेजारणीच्या कागदात डोकावून दुसरा लिहिला.

मी विचारलं, “क्यों काटा?”

“सर, गलत आ गया था.”

“किसने कहा गलत है?”

ती घाबरली. मग हळूच म्हणाली, “सर, सीनियर लोग कहते हैं, आपके यहाँ वही लिखना जो सबका हो.”

मी तिचं भांडं पाहिलं. धुतल्यावर नीट वाळवलेलं नव्हतं, आत पाणी राहिलं होतं. पारा मधेच थांबला होता तो खराच थांबला होता. तिने बरोबर पाहिलं होतं, बरोबर लिहिलं होतं — आणि खोडलं होतं. माझ्या चेहऱ्याकडे पाहून.

सीनियर लोग कहते हैं. म्हणजे त्यांना त्यांच्या सीनियरांनी सांगितलं, आणि त्यांना त्यांच्या. कुठून निघालं असेल हे? मृणाल बॅग उचलून गेली तेव्हा मागे बसलेल्या मुलांनी त्या दिवशी काय शिकून घेतलं? इतकी वर्षं मला वाटायचं की मी एका मुलीचं नुकसान केलं. मी वर्गच्या वर्ग खोडायला शिकवत आलो होतो.

पुढच्या रविवारी दूधविनायकात गेलो. मृणालने दार उघडलं. चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं. बसलो आणि सगळं सांगितलं. बाटली, वास, कचोरी, बेसिन. नाना आले होते ते. मी काय म्हणालो ते. एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

मृणाल म्हणाली, “तीन होते हे मला तेव्हाही माहीत होतं, दादा. तुम्हालाही माहीत होतं — हे मला माहीत नव्हतं.”

मी मान खाली घातली.

“मला वाटायचं, तुम्ही चुकलात. चुकलेल्या माणसाला मी कधीच माफ करून टाकलं होतं. म्हणून तर रस्त्यात बोलता यायचं.” ती उठून खिडकीपाशी गेली. “आता ते सगळं परत पहिल्यापासून करावं लागेल. जमेल की नाही, आज नाही सांगता येत.”

मी उठलो. ती म्हणाली, “कुठे निघालात? नाना आत आहेत. त्यांना सांगा.”

नाना आता फार थकले आहेत. घाट सुटून बरीच वर्षं झाली. आणि त्यांना ऐकू येत नाही, जवळजवळ काहीच. पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी शेजारी बसून म्हणालो, “नाना, तुम्ही मला एकदा विचारलं होतं —”

“काय?” नाना म्हणाले.

“मोठ्याने बोला,” मृणाल दारातून म्हणाली.

मी आवाज चढवला. “मृणालची परीक्षा! ती नापास झाली होती!”

“कोण पास झालं?”

तेव्हा मला कळलं की हे कुजबुजून होणार नाही. जी गोष्ट मी कधी हळू आवाजातही बोललो नव्हतो ती मला ओरडून सांगावी लागणार होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, “नाना! मृणाल खरं बोलत होती! मी तुमच्याशी खोटं बोललो!”

वरच्या खोल्यांत नगरकडची काही यात्रेकरू मंडळी उतरली होती. ती कठड्याशी आली. समोरच्या घरातली बाई पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी खिडकीत आली. नाना माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा ओरडलो. “ती खोटं लिहीत नव्हती! मी खोटं बोललो!”

या वेळी पोचलं. नानांनी माझ्यावरून नजर काढून घेतली — जणू मी तिथे नव्हतोच — आणि दाराकडे बघून म्हणाले, “मृणाल. मी याला जाऊन विचारलं गं. तुला नाही विचारलं.”

ती आत आली आणि त्यांच्या पायाशी पलंगावर बसली. नाना हात पुढे करून तिचं मनगट चाचपत राहिले. “तुला विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “सांग आता. काय होतं त्या बाटलीत?”

आणि ती सांगायला लागली. मोठ्याने, अगदी सुरुवातीपासून. कसा पारा थांबला, तिला आधी खरं कसं वाटेना, कशी तिने आच कमी केली, कसा वास घेतला. नानांना त्यातलं किती ऐकू आलं, किती समजलं, कुणास ठाऊक. पण तिचा चेहरा — तो मी शेवटचा लॅबमध्ये पाहिला होता, नळीसमोर बसलेली असतानाचा. मी चपला घालून बाहेर पडलो. कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात प्राचार्यांना सांगितलं. ते नवीन आहेत, तरुण आहेत. म्हणाले, निकाल इतका जुना झाला, आता बदलता येणार नाही, तुम्ही कशाला उकरून काढता? मी तरी लेखी दिलं. मग वर्गात सांगितलं. आकडे, नावं, सगळं सांगितलं, मृणालचं नाव मात्र तिला फोनवर विचारून. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, तो उनका रिज़ल्ट?”

“नहीं बदलेगा,” मी म्हणालो.

काही मुलं आता माझ्याकडे पूर्वीसारखं बघत नाहीत. ते बरोबरच आहे. पण कागदांवर विचित्र आकडे यायला लागले आहेत. रागिनीच्या कागदावर परवा असा आकडा होता की मलाही कळेना हा आला कुठून. आम्ही दोघं दुपारभर बसलो. तिचा थर्मामीटर नळीत जरा जास्तच वर बसवलेला निघाला. केवढी खूश झाली! चूक सापडली म्हणून इतकं खूश झालेलं कुणी मी माझ्या लॅबमध्ये फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

नाव घेऊ का, एवढं विचारण्यापलीकडे मृणालशी बोलणं झालं नव्हतं. मी गेलो नाही, तीही आली नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं, ओपन युनिव्हर्सिटीतून बी.एस्सी. करायची तर प्रॅक्टिकलची सेंटरं इथे कुठे कुठे आहेत?

“दोन आहेत,” मी म्हणालो. “एक आमच्याकडेच.”

“तुमच्याकडे प्रॅक्टिकल कोण घेतं?”

“मीच.”

“मग मी दुसरं घेते, दादा,” ती म्हणाली. “जरा लांब पडेल, पण चालेल.”

“बरं,” मी म्हणालो, आणि तिला तिथे कसं जायचं ते सांगितलं.